‘ऑर अदरवाइज’: कायद्यातले दोन शब्द आणि पटावर नसलेली मुलं

(एपिसोडचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि वाचायचा कंटाळा असेल तर इअरफोन आहेतच.)

आजची गोष्ट इंग्लंडमधल्या होमस्कूलिंगची आहे, आणि ती एका कायद्यातल्या दोन शब्दांपासून सुरू होते.

मी दिवसभर कोड लिहितो आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी लिहिलेला वाचतो. त्यामुळे एक सवय लागलीय. कुठल्याही कंडिशनमध्ये ‘ऑर’ दिसला की मी थांबतो. कारण ‘ऑर’च्या डावीकडची बाजू सगळे टेस्ट करतात. उजवीकडची बाजू ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून टाकलेली असते आणि वर्षानुवर्षं तिच्याकडे कोणी बघत नाही. मग एक दिवस प्रॉडक्शनमध्ये तीच चालते.

1944 सालचा ब्रिटनचा एज्युकेशन ॲक्ट घ्या. महायुद्ध अजून संपलेलं नव्हतं. रॅब बटलर शिक्षणखातं सांभाळत होते आणि ह्या कायद्यानं माध्यमिक शिक्षण सगळ्यांसाठी मोफत होणार होतं. त्यातलं कलम 36 पालकांचं कर्तव्य सांगतं. मुलाला त्याचं वय, कुवत आणि कल बघून योग्य असं पूर्णवेळ शिक्षण मिळेल हे पालकानं पाहायचं, नियमित शाळेत पाठवून ‘ऑर अदरवाइज’. म्हणजे ‘किंवा अन्य मार्गानं’.

बस्स. अन्य मार्ग म्हणजे कुठला? कुणाला कळवायचं? काही नाही. काउन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला, शिक्षण होत नसल्याचं वाटलं तर नोटीस काढायची सोय होती. पण तसं वाटायला आधी असं एक मूल आहे हे माहीत तर हवं!

हे शब्द आले कुठून?

त्यासाठी 1870 मध्ये जाऊ. त्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये प्राथमिक शिक्षणाचा पहिला मोठा कायदा झाला. स्थानिक स्कूल बोर्डांना पाच ते तेरा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची करणारे नियम करता येऊ लागले. पण त्यात काही सबबी मान्य होत्या. त्यातली पहिलीच ही: मूल दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं नीट शिकत असेल तर चालेल. दहा वर्षांनी, 1880 मध्ये, पाच ते दहा वयाच्या मुलांसाठी हजेरी सगळीकडेच सक्तीची झाली.

आता ‘दुसरी पद्धत’ परवडायची कुणाला? ज्यांच्या घरी गव्हर्नेस ठेवता यायची त्यांना. सरदार-जमीनदारांच्या मुली शाळेत जात नसत, त्यांना घरीच शिकवलं जाई. 1926 मध्ये जन्मलेली दुसरी एलिझाबेथ, पुढे राणी झालेली, कधीच शाळेत गेली नाही. तिला राज्यघटनेचा इतिहास शिकवायला इटनचे हेन्री मार्टेन होते. अशा घरांचं दार वाजवून ‘मुलगी काय शिकते दाखवा’ म्हणायची कुणाची टाप होती? सक्ती मनात धरली होती ती गिरणीत, शेतात, रस्त्यावर काम करणाऱ्या पोरांसाठी.

इथे जरा आपल्याकडे वळतो, कारण हा धागा खरंच जोडलेला आहे. इंग्लंडमध्ये सक्ती झाली 1880 मध्ये. दोनच वर्षांनी, 1882 मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं आणि मागितलं की प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. राणी तीच, व्हिक्टोरिया. तिच्या सरकारनं घरी जे लागू केलं, ते इथे मागूनही मिळालं नाही. मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीची नुसती मुभा देणारा कायदा यायला 1918 साल उजाडलं, तोही विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांमुळे.

हे सांगायचं कारण असं, की मराठी माणसाच्या मनात ‘सक्तीची शाळा’ हा शब्द सुटकेसारखा येतो. आपल्या कित्येकांच्या पणजीला शाळेचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. त्यामुळे कुणी म्हणालं ‘सरकारनं माझ्या मुलाला शाळेत पाठवायला लावू नये’, तर आपल्याला ते पटकन झेपत नाही. पण इंग्लंडमधली पुढची गोष्ट त्या बाजूनंही ऐकायला हवी.

नॉरफॉकची आई

1950 च्या दशकात नॉरफॉक परगण्यात जॉय बेकर नावाची एक बाई होती. सात मुलांची आई. घरी गव्हर्नेस नव्हती, पदरी पैसा नव्हता. तिनं ठरवलं की मुलांना शाळेत पाठवायचं नाही, घरीच शिकवायचं. काउन्सिलनं तिला कोर्टात खेचलं. जवळजवळ दहा वर्षं खटले, अपिलं, तारखा असं चाललं. शेवटी ती टिकली. 1964 मध्ये तिनं ह्या सगळ्यावर ‘चिल्ड्रन इन चान्सरी’ नावाचं पुस्तक लिहिलं.

गंमत बघा. कायदा तोच, शब्द तेच. राजवाड्यात वापरले तेव्हा कुणी प्रश्न विचारला नाही. एका साध्या घरातल्या बाईनं वापरले तेव्हा दशकभर कोर्ट. ब्रिटनमधले होमस्कूलिंग करणारे पालक सरकारी तपासणीचं नाव काढलं की का बिथरतात, ह्याचं मूळ बरंचसं इथे आहे. 1970 च्या दशकात अशा पालकांनी संघटना काढली आणि तिचं नाव ठेवलं, अंदाज करा, ‘एज्युकेशन अदरवाइज’.

मग कोर्टांनी त्या दोन शब्दांना हळूहळू अर्थ दिला. 1980 मध्ये लीड्सच्या एका प्रकरणात निकाल आला: काउन्सिल पालकांना विचारू शकते, पालक उत्तर द्यायला बांधील नाहीत, पण काहीच उत्तर दिलं नाही तर ‘इथे शिक्षण होत नसावं’ असं मानायला काउन्सिल मोकळी आहे. 1981 मध्ये हॅरिसन कुटुंबाच्या खटल्यात वूस्टरच्या कोर्टानं ‘योग्य शिक्षण’ म्हणजे काय ते सांगितलं: मूल आजच्या समाजात जगायला तयार व्हावं आणि त्याच्यात जे आहे ते पूर्ण फुलावं. टाइमटेबल, पाठ्यपुस्तक, परीक्षा ह्यांची सक्ती नाही.

मला हे दोन्ही निकाल शहाणपणाचे वाटतात. पण एक गोष्ट बघा. ह्या सगळ्या खटल्यांत दोनच पक्ष आहेत, काउन्सिल आणि पालक. ज्याच्याबद्दल भांडण चाललंय ते मूल कागदपत्रांत आहे, बोलत मात्र नाही. जिथे आईबाप मनापासून शिकवत होते तिथे त्यानं बिघडलं नाही. जिथे तसं नव्हतं तिथे काय झालं, ते आता सांगतो.

बर्मिंगहॅम, 2008

पुढचा भाग जड आहे. मुलांची नावं मी घेणार नाही. तपशीलही लागेल तेवढाच.

बर्मिंगहॅममध्ये सात वर्षांची एक मुलगी होती. डिसेंबर 2007 मध्ये आईनं तिचं नाव शाळेतून काढलं, घरी शिकवते म्हणून. शाळेला शंका होती, त्यांनी बालकल्याण खात्याला कळवलंही होतं. फेब्रुवारीत शिक्षण विभागाकडून घरी भेट झाली. ती भेट होती शिकवण्याची सोय बघायला. मे 2008 मध्ये ती मुलगी उपासमारीनं खंगून गेली आणि संसर्गानं वारली. घरात अन्न होतं. स्वयंपाकघराच्या दाराला मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर कडी होती.

2010 मध्ये ह्या प्रकरणाचा अधिकृत आढावा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष: हा मृत्यू टाळता आला असता.

ह्या धक्क्यातच सरकारनं जानेवारी 2009 मध्ये ग्रॅहम बॅडमन ह्यांना होमस्कूलिंगचा अभ्यास करायला सांगितलं. जूनमध्ये त्यांचा अहवाल आला, 28 शिफारशींचा. दरवर्षी नोंदणी सक्तीची. अधिकाऱ्याला घरात यायचा हक्क. आणि मुलाशी एकट्यानं बोलायचा हक्क.

देशभरचे पालक उसळले. त्यांचा मुद्दा सरळ होता: शाळेत जाणारी मुलंही उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडेच्या आठवडे घरी असतात, पाच वर्षांखालची तर कायमच घरी असतात, त्यांच्या घरी कुणी तपासायला जात नाही. मग आम्हीच का संशयित? आणि माझ्या मुलाला अनोळखी माणसाबरोबर खोलीत एकटं बसवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? डिसेंबर 2009 मध्ये एकाच रात्री डझनावारी खासदारांनी आपापल्या मतदारसंघातल्या पालकांचे अर्ज संसदेत ठेवले. 2010 ची निवडणूक तोंडावर आली, आणि विधेयकातली होमस्कूलिंगची कलमं गाळून टाकण्यात आली.

म्हणजे नोंदणी, घरात प्रवेश, एकट्यानं बोलणं, तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या होत्या. गाठोडं बुडालं तेव्हा त्यातली सगळ्यात साधी गोष्ट, म्हणजे मुलं मोजणं, तीही बुडाली.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2011 मध्ये, वेल्समध्ये पेम्ब्रोकशायरला आठ वर्षांचा एक मुलगा वारला. कारण होतं स्कर्व्ही. ‘क’ जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणारा, जहाजांवरच्या खलाशांना व्हायचा तो रोग, एकविसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये. तो कुठल्याच शाळेच्या पटावर नव्हता. तान्हेपणानंतर डॉक्टर, दंतवैद्य, शिक्षक, कुणाशीच संबंध आलेला नव्हता. मृत्यूच्या साधारण वर्षभर आधी शिक्षण विभागाची माणसं घरी जाऊन आईवडिलांना भेटली होती. मुलाला बघायचा अधिकार त्यांना नव्हता. ते परत गेले.

ताईचं पत्र

हे ऐकून वाटेल, मग काय, बंदच करा होमस्कूलिंग. थांबा.

माझी एक आतेबहीण इंग्लंडमध्ये राहते. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत इतका त्रास झाला की तो सकाळी गणवेश बघून ओकायला लागला. शाळेकडे वर्षभर खेपा घालून झाल्या. शेवटी तिनं एक पत्र लिहिलं आणि त्याचं नाव पटावरून काढलं. तिथे साध्या शाळेतून मूल काढायला एवढंच लागतं, परवानगी लागत नाही. शाळा काउन्सिलला कळवते. नोकरी अर्ध्यावर आणून ताई त्याला घरी शिकवते, गणित आणि मराठीसुद्धा. पोरगं परत हसायला लागलंय.

काही आठवड्यांनी काउन्सिलचं पत्र आलं: शिक्षणाची काय व्यवस्था आहे, कृपया कळवा. त्या रात्री व्हिडिओ कॉलवर ती जाम चिडली होती. “अरे, वर्षभर मी मदत मागत होते तेव्हा कुणी फिरकलं नाही. आता मीच आरोपी?” मी गप्प ऐकत होतो. मग थोड्या वेळानं तीच म्हणाली, “पण खरं सांगू का, शेजारच्या घरातलं मूल असं अचानक दिसेनासं झालं असतं, तर मलाच वाटलं असतं की कुणीतरी एकदा डोकावून यावं.”

मला वाटतं ह्या दोन वाक्यांत आख्खा वाद आला.

आणि ताई एकटी नाही. 2024 च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये काउन्सिलांना माहीत असलेली घरी शिकणारी मुलं 1,11,700 होती. आदल्या वर्षी त्याच सुमारास 92,000. त्यांचे पालक काही सगळेच तत्त्वासाठी शाळा सोडणारे नव्हेत. मुलाची मानसिक अवस्था हे वारंवार दिलं जाणारं कारण आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळेत हवी ती मदत मिळत नाही, हे दुसरं. काही शाळा तर निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या मुलांच्या पालकांना ‘तुम्ही घरीच का नाही शिकवत’ असं सुचवतात. त्याला तिथे ‘ऑफ-रोलिंग’ म्हणतात, म्हणजे पटावरून हळूच खाली उतरवणं.

सरे, 2023

2022 मध्ये सरकारनं नोंदणीचं विधेयक परत आणलं आणि डिसेंबरमध्ये ते सोडून दिलं. पुढच्या ऑगस्टमध्ये लंडनजवळच्या सरे परगण्यात, वोकिंगला, दहा वर्षांच्या एका मुलीचा मृतदेह तिच्या घरात सापडला. वडील आणि सावत्र आई देश सोडून गेले होते. डिसेंबर 2024 मध्ये दोघं खुनाचे दोषी ठरले.

आता क्रम बघा. मार्च 2023 मध्ये शिक्षकांना तिच्या चेहऱ्यावर वळ दिसले. शाळेनं बालकल्याण खात्याला कळवलं. काही दिवसांतच फाइल बंद झाली. एप्रिलमध्ये तिचं नाव पटावरून काढलं गेलं, घरी शिकवतो म्हणून. नंतरच्या आढाव्यात अजून एक गोष्ट बाहेर आली, आणि ती वाचून मी लॅपटॉप मिटून ठेवला. अगदी तिच्या मृत्यूच्या तोंडावर काउन्सिलची माणसं तिला भेटायला निघाली होती. ती जुन्या पत्त्यावर गेली. कुटुंब तिथून हललं होतं.

मी रोज डेटाबेसवर काम करतो. जुना पत्ता राहून जाणं म्हणजे आमच्याकडे एक तिकीट असतं, लो प्रायॉरिटी.

17 डिसेंबर 2024 रोजी, ह्या खटल्याची शिक्षा झाली त्याच दिवशी, ब्रिटिश संसदेत मुलांच्या कल्याणाचं आणि शाळांचं नवं विधेयक मांडलं गेलं. त्यात दोन गोष्टी होत्या. शाळेत नसलेल्या मुलांची नोंदवही प्रत्येक काउन्सिलनं ठेवायची. आणि ज्या मुलाबद्दल संरक्षणाची चौकशी किंवा योजना चालू आहे, त्याला शाळेतून काढायला काउन्सिलची संमती लागेल.

दुसरी अट मला पटते. ताईला ती लागू होत नाही, कारण तिच्या घराबद्दल कुठली चौकशीच नाही. पण कोड वाचायची सवय आडवी येते. कंडिशन आहे ‘चौकशी चालू असेल तर’. सरेमधली फाइल काही दिवसांत बंद झाली होती. म्हणजे मांडलेल्या मसुद्याप्रमाणे, एप्रिलमध्ये ही कंडिशन ‘फॉल्स’च आली असती. फाइल घाईनं बंद करणाऱ्या खात्याला नुसता नवा नियम दिला तर नियमही घाईनं ओलांडला जाईल. तिथे माणसं हवीत, वेळ हवा, शिक्षकाच्या शंकेला वजन हवं.

दुसरं टोक

मग पूर्ण बंदी? जर्मनीत जवळपास तेच आहे. 1919 च्या वायमार राज्यघटनेत शाळा सक्तीची झाली, आणि आजही तिथल्या राज्यांच्या कायद्यांत घरी शिकवायला जागा जवळजवळ नाही. ऑगस्ट 2013 मध्ये डार्मश्टाटजवळ पोलीस एका घरात शिरले आणि चार मुलांना घेऊन गेले. कारण एवढंच, की आईवडील त्यांना शाळेत पाठवत नव्हते. तीन आठवड्यांनी मुलं परत आली. जानेवारी 2019 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं सांगितलं की जर्मनीनं हक्कभंग केला नाही. कायद्यानं ठीक असेल. पण ती मुलं नीट सांभाळलेली होती, शिकतही होती. त्या तीन आठवड्यांचा हिशोब त्यांना कोण देणार?

आणि आपल्याकडे? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 10 म्हणतं की पालकानं मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे कर्तव्य आहे. ‘ऑर अदरवाइज’ नाही. आणि घातलं नाही तर पालकाला शिक्षाही नाही. म्हणजे दार आहे की भिंत, हे स्पष्टच नाही. पुण्या-मुंबईत आज होमस्कूलिंग करणारी घरं आहेत. त्यामुळे हा वाद आपल्या दाराशी येणार, हे नक्की.

तो येईल तेव्हा इंग्लंडच्या दीडशे वर्षांतून मी एवढंच घेतो: मूल आहे हे माहीत असणं, आणि आईबाप कसं शिकवतात ह्यावर निकाल देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं सरकारनं बिनशर्त करावं. जन्माची नोंद करताना आपण आईबापांवर संशय घेत नाही, तसंच हे. दुसरं फार जपून, आणि शक्यतो कमी. ह्या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे: आधीच काळजीची खूण दिसली असेल, तर कुणीतरी त्या मुलाला प्रत्यक्ष बघायलाच हवं. वह्या बघून भागत नाही. बर्मिंगहॅमला शिकवण्याची सोय बघितली गेली होती.

ताईनं काउन्सिलला उत्तर पाठवलं. दोन पानं, मुलाच्या चित्रांचे फोटो जोडून. “चिडूनच लिहिलं,” म्हणाली, “पण लिहिलं.”

तुम्हाला काय वाटतं? तुमच्यापैकी कुणी स्वतः घरी शिकलं असेल, किंवा मुलांना शिकवत असेल, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. शिक्षक असाल तर जरूरच पाठवा, कारण वळ सगळ्यात आधी तुम्हाला दिसतात. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.